काउंटचे इंग्रजी

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणातील एक प्रसंग आम्हांला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. त्यात रक्त नाही, सुळे नाहीत, वटवाघळे नाहीत. इंग्लंडहून आलेला, नुकताच सॉलिसिटर झालेला जोनाथन हार्कर ट्रान्सिल्व्हानियातील गढीच्या ग्रंथालयात बसला आहे. भोवती इंग्रजी पुस्तके आहेत. इतिहास, भूगोल, राजकारण, कायदा, इतकेच नव्हे तर लंडनची डिरेक्टरी आणि रेल्वेचे वेळापत्रकसुद्धा. यजमान काउंट आत येतो आणि सांगतो, की ही पुस्तके आपले जुने स्नेही आहेत, मात्र ही भाषा आपल्याला केवळ पुस्तकांतूनच येते. हार्कर त्याच्या इंग्रजीची तारीफ करतो. काउंटचे समाधान होत नाही. शब्द येतात, व्याकरण येते. पण लंडनमध्ये तोंड उघडताच आपण परके म्हणून ओळखले जाऊ, हे तो जाणून आहे. इथे तो सरदार आहे, रयत त्याला ओळखते. तिथे परक्याला कोण विचारतो? म्हणून हार्करने काही दिवस राहावे, बोलत राहावे, आणि उच्चारात बारीकशी चूक झाली तरी ती दाखवून द्यावी, अशी त्याची विनंती आहे.

शतकानुशतके जगलेला हा सरदार एका नवख्या वकिलाकडे उच्चारांची शिकवणी लावतो, हे दृश्य वरवर पाहता हास्यास्पद आहे. परंतु कादंबरीतले खरे भय इथेच आहे असे आमचे मत आहे. रक्त ही काउंटची गरज. लंडनच्या गर्दीत कोणाच्याही नजरेत न भरता चालणे ही त्याची महत्त्वाकांक्षा. बोलण्यावरून माणसाचे गाव, जात आणि शाळा ताडणाऱ्या समाजात वाढलेल्या मराठी वाचकाला ही महत्त्वाकांक्षा समजावून सांगण्याची गरज नाही.

'ड्रॅक्युला'च्या पडद्यावरील अवतारांची तुलना बहुधा डोळ्यांनी केली जाते. कोणाचा चेहरा मूळ वर्णनाशी जुळतो, कोणाला ती लांब पांढरी मिशी आहे, कोणाचे सुळे दिसतात, केप कोणाला शोभते, अशी ती चर्चा असते. प्रस्तुत लेखात आम्ही ती कानांनी करू इच्छितो. हा काउंट बोलतो कसा, आणि त्याच्याभोवतीची माणसे कशी बोलतात?

त्याआधी कादंबरीतच थोडे थांबले पाहिजे, कारण तिथला ध्वनींचा पट फार गजबजलेला आहे. व्हिटबीच्या दफनभूमीत बसणारा म्हातारा स्वेल्स यॉर्कशायरच्या अशा बोलीत बोलतो की खुद्द इंग्रज वाचकही अडखळतो. लंडनचे हमाल, गाडीवान, प्राणिसंग्रहालयातील रखवालदार आपापल्या बोलीत बोलतात. टेक्ससचा क्विन्सी मॉरिस अमेरिकी वाक्प्रचार वापरतो. आणि काउंटचा पाठलाग करणारा डच प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग तर पानोपानी इंग्रजीची मोडतोड करतो. काळ चुकतात, क्रियापदे भलतीकडे जातात, आणि संतापला की तो जर्मनमध्ये उद्गार काढतो (डच माणसाने जर्मनमध्ये का चिडावे, हे स्टोकरलाच ठाऊक). या सगळ्या गलबल्यात जवळजवळ निर्दोष, किंचित जुन्या वळणाचे इंग्रजी बोलतो तो एकटा काउंट. १८७८ साली डब्लिनहून लंडनला येऊन हेन्री आयर्विंगच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक झालेल्या, उभी हयात नटांच्या आवाजांत काढलेल्या लेखकाचा हा कान आहे. मराठीत या कादंबरीचा अनुवाद करू पाहणाऱ्याची खरी परीक्षा व्हॅन हेल्सिंगच्या तोंडी होईल, काउंटच्या नव्हे.

दुसरी गोष्ट. ही कादंबरी दैनंदिनी, पत्रे, तारा, बातम्या यांची बनलेली आहे. पण त्यांत काउंटची दैनंदिनी नाही. तो जे बोलतो ते दुसऱ्याने टिपलेले. पहिल्या चार प्रकरणांनंतर तर त्याचे बोलणे हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. डॉक्टर सीवर्ड आपली दैनंदिनी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो. मीना ती ऐकते आणि टंकलिखित करते, आणि तो आवाज इतका उघडा आहे की पुन्हा कोणी ऐकू नये असे तिला वाटते. पुढे काउंट ती नळकांडी आगीत टाकतो. टंकलिखिताची एक प्रत तिजोरीत राहते म्हणून कथा वाचते. आवाज जळतो, मजकूर उरतो. चित्रपटाला नेमके उलटे करावे लागते. मजकूर बाजूला ठेवून त्याला आवाज द्यावा लागतो, आणि त्यासाठी कोणीतरी नट निवडावा लागतो.

पहिल्या महत्त्वाच्या रूपांतराला हा प्रश्न पडला नाही, कारण तो मूकपट होता. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा 'नोस्फेरातू' (१९२२) हक्क न घेता निघाला, पात्रांची नावे बदलली तरी स्टोकरच्या पत्नीने, फ्लॉरेन्सने, दावा लावला आणि १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती वाचल्या. त्यातला माक्स श्रेक हा माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीतला नट. (श्रेक या जर्मन शब्दाचा अर्थच धसका; आणि हे त्याचे खरे आडनाव.) श्रेक माणसाची भूमिका करतच नाही. ताठ खांदे, न मिटणारे डोळे, लांबत जाणारी बोटे. आपली शवपेटी स्वतःच काखेत धरून तो ओसाड गल्लीतून जातो, ते दृश्य एकदा पाहिलेला विसरत नाही. पण हा ऑर्लोक कोणत्याही शहरात खपून जाण्याची शक्यता नाही, आणि तशी त्याची इच्छाही दिसत नाही. कादंबरीतल्या काउंटची महत्त्वाकांक्षा इथे पहिल्यांदा गळाली.

ती उलटी झाली १९३१ मध्ये. मधल्या काळात हॅमिल्टन डीनने १९२४ साली कादंबरीचे नाटक केले होते. रंगभूमीच्या सोयीसाठी काउंटला इंग्रजी दिवाणखान्यात बोलावणे भाग होते, म्हणून म्हातारा गेला आणि संध्याकाळचा पोशाख घातलेला, केपवाला, शिष्टसंमत पाहुणा आला. जॉन बाल्डरस्टनने त्याचे अमेरिकेसाठी पुनर्लेखन केले. ब्रॉडवेवर १९२७ मध्ये त्यात बेला लुगोसी उभा राहिला, आणि टॉड ब्राउनिंगच्या बोलपटात तोच आला.

लुगोसीबद्दल जे सर्रास सांगितले जाते, की त्याला इंग्रजी येतच नव्हते आणि तो संवाद पोपटासारखे पाठ करी, ते या चित्रपटापुरते आम्हांला पटत नाही. त्याच्या अमेरिकेतील सुरुवातीच्या नाटकांबाबत ते खरे असेल. १९३१ मध्ये त्याला तिथे दहा वर्षे झाली होती. बुडापेस्टच्या नॅशनल थिएटरचा हा नट १९१९ च्या क्रांतीत नटांची संघटना बांधण्यात पुढे होता आणि ती क्रांती कोसळल्यावर देश सोडून आला होता. त्याचे ते संथ, लांबवलेल्या स्वरांचे, अनपेक्षित जागी थांबणारे बोलणे ही निव्वळ अडचण नव्हे. अडचणीतून घडवलेली ती अभिनयाची रीत आहे. आपण वाइन पीत नाही, हे तो पाहुण्याला सांगतो ते वाक्य पाहावे. कादंबरीत ते नाही. वाक्यात काही नाही, सगळे त्या मधल्या विरामात आहे. इंग्रजी मातृभाषा असलेला नट तिथे थांबला असता तर तो विनोद झाला असता. लुगोसी थांबतो तेव्हा, त्याला शब्द आठवत नाही की तो काही लपवतो आहे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

याच चित्रपटात शयनगृहातील एक छोटा प्रसंग आहे. हेलन चँडलरची मीना काउंटच्या हेलाची नक्कल करून हसते, आणि ल्यूसी म्हणते की हस हवे तितके, मला तो मोहक वाटतो. स्टोकरच्या काउंटला ज्याची धास्ती होती तेच इथे घडते. तो ओळखला जातो, त्याच्या बोलण्याची टिंगल होते. आणि तेच बोलणे त्याचे आकर्षणही ठरते. गंमत म्हणजे इथे ट्रान्सिल्व्हानियाला हार्कर जातच नाही, रेनफील्ड जातो. उच्चार शिकवणारा गुरूच कथेतून गेला. त्या रेनफील्डचे काम करणाऱ्या ड्वाइट फ्रायचे दात आवळून केलेले हसणे मात्र, आमच्या मते, त्या चित्रपटातील लुगोसीनंतरचा सर्वांत अस्सल आवाज आहे.

त्यानंतर जगात कोणत्याही पोराला ड्रॅक्युलाची नक्कल करायला सांगा, ते लुगोसीसारखे बोलू लागते. खुद्द लुगोसीने पडद्यावर ड्रॅक्युला म्हणून आणखी फक्त एकदाच काम केले, तेही १९४८ च्या ॲबट आणि कॉस्टेलोच्या विनोदी चित्रपटात. हंगेरीत शेक्सपिअर केलेल्या या नटाला त्या हेलामुळे दुसऱ्या प्रकारच्या भूमिका क्वचितच मिळाल्या. चित्रपट झळकला त्याच वर्षी, १९३१ मध्ये, तो अमेरिकेचा नागरिक झाला होता. १९५६ मध्ये त्याला पुरले ते ड्रॅक्युलाची केप घालूनच.

लुगोसी दिवसा काम करी त्याच सेटवर रात्री दुसरी मंडळी येत. युनिव्हर्सलने त्याच कथेची स्पॅनिश आवृत्ती जॉर्ज मेलफर्डकडून करवून घेतली होती, आणि मेलफर्डला स्पॅनिश येत नव्हते. कॅमेरा या आवृत्तीत अधिक मोकळा फिरतो, लांबीही जवळजवळ अर्ध्या तासाने जास्त आहे, आणि लुपिता तोव्हारची एवा ही चँडलरच्या निस्तेज मीनापेक्षा कितीतरी जिवंत आहे; रक्त चाखल्यानंतर तिच्यात जो खट्याळ उत्साह येतो तो इंग्रजीतल्या नायिकेला सापडलेला नाही. पण काउंट? कार्लोस व्हिलारियास स्पेनमधील कोर्दोबाचा, तोव्हार मेक्सिकोची, हार्कर झालेला बॅरी नॉर्टन अर्जेंटिनाचा. जिथे कोणाचेच स्पॅनिश कोणाच्या स्पॅनिशशी जुळत नाही तिथे परका कोण ठरणार? आवाजाने होणारे काम व्हिलारियासला चेहऱ्याने करावे लागले, आणि म्हणून तो इतके डोळे वटारतो. पुष्कळ जाणकार ही आवृत्ती सरस मानतात. चित्रपट म्हणून ती आहेही. पण तिला काउंट नाही.

इथे इस्तंबूल आणि लाहोर यांचा ओझरता उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. १९५३ च्या तुर्की 'ड्रॅक्युला इस्तंबूलमध्ये' या चित्रपटात टक्कल पडलेला आतिफ काप्तान काउंट आहे. कादंबरीतला काउंट तुर्कांशी लढलेल्या पूर्वजांच्या बढाया मारतो, हे आठवले की त्याला तुर्की बोलताना ऐकणे चमत्कारिक वाटते. लाहोरच्या 'ज़िंदा लाश' (१९६७) मध्ये तर काउंटच नाही. अमृताचा शोध घेणारा प्रोफेसर तबानी (नट रेहान) स्वतःच्या प्रयोगाने पिशाच होतो आणि इतर सर्वांसारखेच उर्दू बोलतो. परका बाहेरून येत नाही, आपल्यातलाच शिकलेला माणूस बिघडतो. या बदलावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

हॅमरच्या १९५८ च्या चित्रपटाकडे वळू. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, काउंट क्रिस्टोफर ली, व्हॅन हेल्सिंग पीटर कुशिंग. जिन्याच्या टोकाशी काळी आकृती दिसते, प्रेक्षक लुगोसीच्या लांबवलेल्या स्वरांची वाट पाहतो. आणि ली झरझर खाली उतरून, एखाद्या घाईत असलेल्या जमीनदाराप्रमाणे, स्वच्छ इंग्रजीत स्वागत करतो. सामान उचलून झपाझप पायऱ्या चढतो. हेलाचा मागमूस नाही. स्टोकरच्या काउंटला जे साधायचे होते ते लीला पहिल्याच वाक्यात साधलेले आहे. मात्र हॅमरच्या पटकथेत काउंट इंग्लंडला जातच नाही, सगळी कथा मध्य युरोपात घडते आणि तिथे सगळेच सफाईदार इंग्रजी बोलतात. त्यामुळे हे यश वाया जाते. हार्करशी झालेल्या त्या सुरुवातीच्या संवादांनंतर ली उरलेल्या चित्रपटात बोलत नाही, फक्त फिस्कारतो. हे दारिद्र्य नव्हे. कादंबरीची रचनाही हीच आहे: आधी बोलणारा यजमान, मग मुका धोका. पुढे १९६६ च्या चित्रपटात तर त्याला एकही वाक्य नाही. संवाद इतके वाईट होते की आपण ते म्हणण्यास नकार दिला, असे ली सांगत असे. आपण संवाद लिहिलेच नव्हते, असे पटकथाकार जिमी सँगस्टर सांगे. कोणाचे खरे धरायचे ते वाचकाने ठरवावे. अनेक युरोपीय भाषा येणारा हा नट मुक्या भूमिकेने प्रसिद्ध झाला, एवढे नक्की.

कुशिंगच्या व्हॅन हेल्सिंगचे इंग्रजी आरशासारखे आहे. मूळचा अडखळणारा डच प्राध्यापक त्यात शिल्लक नाही. पण तो आपल्या नोंदी फोनोग्राफवर बोलून ठेवतो, आणि आत दुसरा कोणी आहे असे नोकराला वाटते. सीवर्डची नळकांडी इथे अशी परत आली आहेत.

१९७० मध्ये हेसूस फ्रँकोने लीलाच घेऊन मिशीवाला, हळूहळू तरुण होत जाणारा काउंट केला. वर्णनाशी निष्ठा म्हणाल तर यापरती नाही, आणि चित्रपट कंटाळवाणा. त्यात रेनफील्ड झालेला क्लाउस किन्स्की १९७९ मध्ये वेर्नर हेर्झोगच्या 'नोस्फेरातू'त स्वतःच काउंट झाला. किन्स्की कुजबुजतो. वर्षानुवर्षे कोणाशी न बोललेल्या माणसाला शब्द जड व्हावेत तसे ते बोलणे आहे, आणि मरण न येण्याचे दुःख इतक्या साधेपणाने दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. चित्रपट जर्मन आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांत झाला. इंग्रजीत किन्स्की, ब्रुनो गान्झ, इझाबेल अजानी असे सगळेच परके. म्हणून आमची शिफारस जर्मन आवृत्तीची.

त्याच वर्षी जॉन बॅडमचा 'ड्रॅक्युला' आला. निष्ठावंत वाचक याला नाक मुरडतात, आणि तक्रारींना जागा आहेच. मीना आणि ल्यूसी यांची नावे उलटसुलट केली आहेत, मीना व्हॅन हेल्सिंगची मुलगी झाली आहे, काउंट प्रेमिक आहे. ब्रॉडवेवर हीच भूमिका गाजवून आलेल्या फ्रँक लँजेलाने सुळे लावण्यासही नकार दिला. परंतु जरा ऐकावे. लँजेलाचा काउंट मऊ, नितळ, बिनहेलाचे इंग्रजी बोलतो आणि दिवाणखान्यात सगळ्यांना आपलासा वाटतो. त्याच्यासमोर लॉरेन्स ऑलिव्हिएचा व्हॅन हेल्सिंग जाड हेलाच्या, अडखळत्या इंग्रजीत तो राक्षस आहे हे लोकांना पटवू पाहतो. गोड बोलणारा घातकी, आणि खरे सांगणारा परदेशी वाटतो. स्टोकरने कादंबरीत जो उपरोध योजला होता तो, आम्ही पाहिलेल्या रूपांतरांत, सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो याच 'बेइमान' चित्रपटात. बीबीसीच्या १९७७ च्या दूरचित्रवाणी रूपांतराची निष्ठा कितीतरी अधिक. पण लुई जुर्दांच्या सुंदर फ्रेंच उच्चारांनी तिथला काउंट पुन्हा पाहुणाच राहतो.

फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या १९९२ च्या चित्रपटाने लेखकाचे नाव शीर्षकातच घातले. गॅरी ओल्डमनने आवाज खालच्या पट्टीत नेण्यासाठी शिक्षकाकडे मेहनत घेतली होती, आणि ती ऐकू येते: वाड्यातल्या म्हाताऱ्याचा घोगरा, जिभेवर घोळवलेला स्वर आणि लंडनच्या रस्त्यावरील तरुणाचा मवाळ स्वर हे दोन निराळे आणि तरीही एकाच माणसाचे आहेत. पण हार्करच्या भूमिकेतील कीआनू रीव्ह्जच्या इंग्रजी उच्चारांची आजवर जेवढी चेष्टा झाली तेवढी क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल. ओल्डमन लंडनचा, आणि तो परका. ज्याच्याकडून इंग्रजी शिकायचे त्या हार्करचीच जीभ त्या उच्चारांवर अडखळते. वाड्यातील दृश्यांत कोणी कोणाची शिकवणी घ्यावी असा प्रश्न पडतो. ही चूक अजाणता झालेली असली तरी, कादंबरीतला तो प्रसंग माहीत असलेल्यास ती अर्थपूर्ण वाटू लागते.

तो प्रसंग जाणीवपूर्वक उचलला २०२० च्या बीबीसी मालिकेने. डॅनिश नट क्लेस बँग प्रथम जाड हेलाचा म्हातारा म्हणून येतो. हार्करला कोरून कोरून पीत जाईल तसतसा तो तरुण होतो; रक्ताने तरुण होणे कादंबरीत आहेच. मालिकेने भर घातली ती अशी, की त्याचे इंग्रजीही सुधारत जाते. रक्तातून भाषा येते. शिष्य चटपटीत इंग्रजीत थट्टा करू लागतो आणि गुरू पांढराफटक पडत जातो. पुढचे भाग घसरले, पण पहिल्या भागातली ही कल्पना भाषा शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाला अस्वस्थ करील.

रॉबर्ट एगर्सच्या 'नोस्फेरातू'ने (२०२४) बरोबर उलट वाट धरली. बिल स्कार्सगार्डने ऑपेरा-गायिकेकडे शिकून आवाज छातीच्या तळापर्यंत उतरवला. मिशी आहे, आणि काही ठिकाणी तो नामशेष झालेली, अभ्यासकांच्या मदतीने पुन्हा रचलेली डेशियन भाषा बोलतो. या ऑर्लोकला कोणासारखेही दिसायचे-बोलायचे नाही. त्या चित्रपटात आमचे लक्ष मात्र लिली-रोझ डेपच्या एलेनकडे अधिक गेले. झटके येतात तेव्हा तिच्या तोंडून तिचा नसलेला काहीतरी बोलतो.

ती कल्पनाही स्टोकरची आहे. पिकॅडिलीतील घरातून निसटताना काउंट पाठलाग करणाऱ्यांना धमकावतो, संतापातही व्याकरण न सोडता. त्यानंतर कादंबरीत त्याचा आवाज ऐकू येत नाही. रोज पहाटे व्हॅन हेल्सिंग मीनाला संमोहित करतो आणि विचारतो की काय ऐकू येते. ती सांगते, पाणी लाकडावर आपटते आहे, वर माणसांची पावले वाजत आहेत, साखळी खडखडते आहे.